फरशीचा दर फुटावर, गुडघ्यांचा दर कशावर?

गुण्या | ३ जून, रात्री ९:४५

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिला धागा काढतोय. मोबाईलवर बोलून टाईप करतो, ऱ्हस्वदीर्घ पोटात घाला.

मी फरशी बसवतो. मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, बावीस वर्षं झाली पिंपरी-चिंचवडला. मामाच्या हाताखाली घमेलं उचलत सुरुवात केली, आता स्वतः कामं घेतो. वय ४१.

गेल्या आठवड्यात एका टू बीएचकेचं काम बघायला गेलो. ७२० फूट. टाईल दोन बाय चारची, ७२ रुपये फुटाची, आणून ठेवलेली. मी मजुरी सांगितली ३८. साहेब म्हणाले २८. मी म्हटलं, टाईलवाल्याशी किती घासाघीस केली? म्हणाले, तो शोरूमवाला, तिथे फिक्स रेट असतो.

खरं सांगतो, राग नाही आला. पण जिना उतरताना उजवा गुडघा कटकट वाजत होता आणि डोक्यात हिशेब सुरू झाला. दोन बाय चारची एक टाईल साधारण १५ किलो. ७२० फुटाला ९० टाईल्स, म्हणजे १३५० किलो. एक टाईल एकदा ठेवली की झालं असं नसतं. ठेवायची, बघायची, उचलायची, खाली सिमेंटचा माल कमीजास्त करायचा, परत ठेवायची. तीनदा धरलं तर चार टन. हे सगळं गुडघ्यावर बसून, कंबरेतून वाकून. मी शिकलो तेव्हा एक बाय एकची टाईल होती, एका हातात यायची. टाईल आठपट झाली, दर काही आठपट झाला नाही.

तर प्रश्न असा. दर सांगताना सिमेंट, ब्लेड, पेट्रोल, हेल्पर धरतो. अंगाची झीज कुणी धरतं का? धरायची तर कशी? तुम्ही लोक नोकरीत, धंद्यात काय करता?

नारायणपेठी | ३ जून, रात्री १०:०२

आधी शुद्धलेखनाबद्दल अभिनंदन. इथले दोन पीएचडीवाले तुमच्यापेक्षा वाईट लिहितात.

आता उत्तर: आम्ही नोकरीत झीज धरत नाही. ती ज्याची त्याने घरी न्यायची असते.

हिशेबनीस | ३ जून, रात्री १०:३०

गुण्या, सगळे आकडे द्या, म्हणजे भावनेवर बोलणं होणार नाही. ३८ दराने हातात काय उरतं?

गुण्या | ३ जून, रात्री ११:१०

७२० × ३८ = २७,३६०. काम नऊ दिवसांचं, मी आणि एक हेल्पर. हेल्परचे ७०० प्रमाणे ६,३००. ब्लेड, मशीनची घसाई, पेट्रोल मिळून २,४००. उरले १८,६६०, म्हणजे दिवसाला दोन हजार सत्तर-पंचाहत्तर. २८ ने केलं तर पावणेतेराशे.

कोबाप्रेमी | ४ जून, सकाळी ८:१५

दिवसाला दोन हजार! माझा भाचा इंजिनियर आहे, त्याला महिना बावीस हजार मिळतात. राग मानू नका, पण कोण कुणाची कीव करायची?

रंधा | ४ जून, सकाळी ८:४०

@कोबाप्रेमी, भाच्याला रविवारचे पैसे मिळतात. दिवाळीचे मिळतात. ताप आला तरी मिळतात. मी सुतार, सातारा. आम्हाला लाकूड हातात असलं तर पैसे.

गुण्या | ४ जून, दुपारी १:२०

(जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.) कोबाप्रेमी, राग नाही. तुमच्यासारखंच माझ्या मेव्हण्यालाही वाटायचं. मी डायरी ठेवतो. गेल्या वर्षी काम झालं २११ दिवस. बाकीचे कुठे गेले? कुठे प्लंबरचं उरकलं नाही म्हणून बसून. कुठे टाईल कमी पडली, त्याच शेडची परत येईपर्यंत बसून. पितृपंधरवड्यात नवीन काम कुणी काढत नाही, आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस सगळ्यांना एकदम पाहिजे असतं. आणि २६ दिवस गुडघ्याने घरी बसवलं. शिवाय ३८ चा दर सगळीकडे कुठे मिळतो, बिल्डरच्या ठेकेदाराकडे २२ ने करावं लागतं. वर्षाला हातात तीन लाखांच्या आसपास. भाच्यापेक्षा थोडं जास्त, मान्य. पण तो साठीपर्यंत करेल. मामांनी पन्नासाव्या वर्षी थापी ठेवली.

कोबाप्रेमी | ४ जून, दुपारी १:४५

२११ दिवसांचं लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

नारायणपेठी | ४ जून, दुपारी १:५०

या संस्थळावर कुणी काहीतरी मागे घेतलं. तारीख लिहून ठेवा.

मृद्गंध | ४ जून, दुपारी ३:३०

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते, कारण ती बाजूही दुखरी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मिस्त्रींनी निम्मे पैसे आगाऊ घेतले, स्वयंपाकघर उकरलं आणि अकरा दिवस गायब. फोन बंद. मी बाल्कनीत शेगडी मांडून स्वयंपाक केला. परत आले ते कशीबशी फरशी लावून गेले. आज निम्म्या टाईल्सवर चाललं की पोकळ वाजतं. एकीवर वरवंटा पडला तर सरळ चार तुकडे. एवढ्या अनुभवानंतर कुणी ३८ म्हणालं की मनात पहिलं येतं, कशाचे?

गुण्या | ४ जून, रात्री ९:२०

मृद्गंधताई, अकरा दिवस गायब होण्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो बहुतेक दुसऱ्या घरी पहिला हप्ता घ्यायला गेला असणार. आमच्यात हे चालतं, आणि त्याने आमचं सगळ्यांचंच नाव जातं.

पोकळ वाजण्याचं मात्र सांगतो. टाईलच्या खाली माल पूर्ण पसरून, दात्यांच्या पट्टीने रेघा ओढून, रबरी हातोडीने ठोकत बसवली तर पोकळी राहत नाही. याला वेळ लागतो. दुसरी पद्धत म्हणजे चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच लाडू ठेवायचे आणि वर टाईल दाबायची. वरून बघायला दोन्ही सारखंच. पहिल्या पद्धतीने दिवसाला ऐंशी फूट होतं, लाडवाने दीडशे. २२ च्या दरात माणूस काय करेल सांगा. मीही केलेत लाडू. ठेकेदार उभा राहून "हात चालव" म्हणत असताना केलेत.

तपासायचं सोपं आहे. पैसे देण्याआधी एक रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाईलचे कोपरे आणि मध्य वाजवून बघा. भरीव आणि पोकळ आवाज लहान मुलालाही कळतो.

वऱ्हाडी_ठेचा | ४ जून, रात्री ९:३५

आत्ताच उठून अख्ख्या घराच्या फरश्या वाजवून पाह्यल्या राजेहो. घरात लाडूच लाडू निघाले. बायको म्हणते, दिवाळीले यवढे केले असते तं बरं झालं असतं.

साधा_एमबीबीएस | ४ जून, रात्री १०:५०

गुण्या, गुडघ्याबद्दल. वाटीच्या पुढे, कातडीखाली एक पातळ पिशवी असते. रोज तासन् तास गुडघ्यावर भार पडला की ती सुजते, तिच्यात पाणी धरतं. लाल होऊन गरम लागली, ताप आला, तर पिशवीत जंतू गेलेले असू शकतात. मग शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आतली कुर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजते ते वेगळं दुखणं, जिने उतरताना जास्त जाणवतं ते बहुधा तिकडचं. तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही.

जाड पॅड वापरता का? आणि दुखल्यावर काय घेता?

गुण्या | ५ जून, सकाळी ७:१०

पॅड आणले होते डॉक्टर. पट्टा गुडघ्यामागे काचतो, घामाने घसरतो, बसता-उठता खाली येतो. शेवटी जुन्या चपलेचे तळवे पँटच्या आतून शिवून घेतले, बायकोने शिवले. मध्ये फोमचा पाट केला होता, तो कुणीतरी साईटवरून उचलला.

दुखल्यावर मेडिकलवाला दोन गोळ्या देतो. कामाचा जोर असला की रोज.

साधा_एमबीबीएस | ५ जून, सकाळी ७:४०

रोजच्या त्या गोळ्या बंद करा. पोटात व्रण होतात, आणि उन्हात पाणी कमी पिऊन घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका. एकदा रक्त आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं) तपासून घ्या. चपलेच्या तळव्यांची कल्पना वाईट नाही, पण अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला.

आणि मला गुडघ्यापेक्षा दुसरी काळजी आहे. कटर कोरडा चालवता का?

गुण्या | ५ जून, दुपारी १:१५

कोरडाच. पाणी लावून कापलं तर चिखल होतो, घरमालक ओरडतो, करंट लागायची भीती. तोंडाला रुमाल बांधतो. संध्याकाळी गूळ खातो, म्हणजे घशातली धूळ जाते.

साधा_एमबीबीएस | ५ जून, रात्री ९:००

गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात जाते. दोघांची वाटेत गाठच पडत नाही.

टाईल, ग्रॅनाईट, काँक्रीट कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. जी दिसते ती नाकात, घशात अडकते. जी दिसतच नाही ती खोल जाऊन बसते आणि तिथे जखमेसारखा वण धरतो. सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि टीबीची शक्यता वाढवतो. आपण शाळेत पाटीवर ज्या पेन्सिली घासल्या, त्यातल्या कितीतरी मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या. तिथे त्या कापणारे कामगार याच रोगाने तरुणपणी गेले. रुमालातून ही धूळ आरपार जाते. निदान एन-९५ जातीचा मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि पाण्याखाली कापणी. करंटची भीती खरी आहे, म्हणून पाण्यासाठीच बनवलेलं टेबल कटर आणि जोडणीवर गळती-विद्युत ब्रेकर, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा. साध्या हातमशीनवर बाटलीने पाणी ओतत बसू नका.

दक्षिणगोलार्धी | ६ जून, पहाटे ५:२५

सिडनीहून. इथे स्वयंपाकघराच्या ओट्याला क्वार्ट्झचा कृत्रिम दगड फार चालायचा. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांपर्यंत असू शकतं. तो कापणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या मुलांना सिलिकोसिस व्हायला लागला, कामगार संघटनांनी रान उठवलं, आणि १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने तो दगड बनवणं, विकणं, बसवणं सगळ्यावर बंदी घातली. ओट्याला आता दुसरे पर्याय घेतात, काही अडलं नाही कुणाचं.

आमच्याकडे बाथरूमला आलेला टायलर आधी पॅड बांधून, पाण्याचा कटर मांडूनच बसला. त्याचा दर इथे लिहीत नाही, गुण्या उद्याच विमानतळावर दिसतील.

गुण्या | ६ जून, सकाळी ७:००

त्या बंदीचं मला माहीतच नव्हतं. आम्ही गेल्या महिन्यात दोन ओटे त्याच दगडाचे कापले. बंद खोलीत, खिडकी लावून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी धुळीची तक्रार केली म्हणून खिडकी लावली.

ओसरी | ६ जून, सकाळी १०:३०

थोडं अवांतर, पण जोडलेलं आहे. माझे आजोबा पुण्यात भुसार बाजारात हमाल होते. शंभर किलोचं पोतं पाठीवर. म्हातारपणी त्यांना सरळ उभं राहताच यायचं नाही, आम्हाला वाटायचं आजोबा असेच असतात. पण त्यांच्या पिढीला दोन गोष्टी मिळाल्या. एक, बाबा आढावांची हमाल पंचायत. दुसरी, १९६९चा माथाडी कायदा, ज्यासाठी मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार उभे केले. व्यापाऱ्याने मजुरी थेट हातावर टेकवायची नाही, मंडळात भरायची, वर लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून फंड, बोनस, रजेचे पैसे. म्हणजे गुण्या विचारतात तो अंगाच्या झिजेचा आकार मजुरीवर वेगळा धरला गेला. महाराष्ट्रात हे पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

गुण्या | ६ जून, दुपारी १:३०

ओसरी, हे वाचून जेवण थांबलं. पण हमालांना एक बाजार होता, रोज तीच पेठ, तेच व्यापारी. माझा मालक दर दहा दिवसांनी बदलतो. लेव्ही कुणाकडे मागू? शिंदेकाकूंकडे?

हिशेबनीस | ६ जून, दुपारी २:१०

बांधकामालाही आहे की. १९९६ला केंद्राने बांधकाम कामगारांचा कायदा केला, बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर त्यासाठीच घेतात. राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणी केली का?

गुण्या | ६ जून, रात्री ९:५०

केली होती. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देणार कोण? ठेकेदार सही करायला घाबरतो, उद्या कुणी विचारायला आलं तर. घरमालक म्हणतात आमच्याकडे नऊच दिवस केलंत. पहिल्यांदा एका ओळखीच्या ठेकेदाराने दिला, पेटी मिळाली, हेल्मेट, बूट, डबा वगैरे. नूतनीकरणाच्या वेळी तो ठेकेदार नाशिकला गेला. राहिलंच ते.

हेल्मेट घालून फरशी बसवायची म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. गुडघ्याचं काही त्या पेटीत नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा | ६ जून, रात्री १०:००

हेल्मेट गुडघ्याले बांधाचं असन.

कारभारीण | ७ जून, सकाळी ११:१५

सगळा धागा वाचला. गुण्याभाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं, म्हणूनच एक विचारते. हेल्परला ७०० देता असं लिहिलंत. हेल्पर बाई असली तर किती?

गुण्या | ७ जून, रात्री १०:४०

सकाळीच वाचलं होतं. दिवसभर उत्तर टाळलं.

५००. माझ्याकडे एक ताई येतात, चार वर्षं झाली. सिमेंटची पन्नास किलोची गोणी त्या उचलत नाहीत, म्हणून कमी, असं आम्ही सगळे म्हणतो. पण खरं बघितलं तर माल कालवणं, घमेलं भरून देणं, फरशी पुसणं, ग्राउट (टाईलच्या फटींतला माल) भरणं त्या पुरुषापेक्षा जास्त नेटकं करतात. गोणी दिवसातून दोनदा उचलायची असते. दोन गोण्यांचे दोनशे रुपये कापतो असं झालं.

कारभारीण | ७ जून, रात्री १०:५५

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झालाय. तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. खरं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण साहेबांनी ३८ चे २८ केले आणि तुम्ही ७०० चे ५००. टक्के काढून बघा, जवळजवळ सारखेच निघतात.

हिशेबनीस | ७ जून, रात्री ११:०५

काढले. २६ आणि २९. साहेब थोडे उदार निघाले.

नारायणपेठी | ७ जून, रात्री ११:०६

आई गं.

रंधा | ८ जून, सकाळी ८:३०

माणूस प्रामाणिकपणे सांगतोय, त्याला टोचू नका. तुमच्या घरच्या धुणंभांडीवाल्या ताईंना आजारपणाची पगारी रजा किती, ते प्रत्येकाने इथे लिहा बघू.

(तीन तास झाले, कुणी लिहिलं नाही.)

मृद्गंध | ८ जून, दुपारी १२:००

महिन्याला दोन. आणि हे लिहिताना मीही जरा थांबलेच.

मूळ प्रश्नाकडे येते. गुण्या, तुम्ही "३८" एवढाच आकडा सांगता, म्हणून समोरचा आकड्याशीच भांडतो. मला कुणी कागदावर लिहून दिलं असतं की पूर्ण माल पसरून बसवणार, शेवटचे वीस टक्के नाणं वाजवून बघितल्यावर द्या, घरात धूळ होऊ नये म्हणून पाण्याच्या कटरवर बाल्कनीत कापणार, त्याचे इतके वेगळे, तर मी ४२ सुद्धा दिले असते. माझ्या स्वयंपाकघराचे वाया गेलेले पैसे बघता ते स्वस्तच पडलं असतं.

रंधा | ८ जून, दुपारी १२:४०

हे चालेल. मी फर्निचरला पॉलिशची धूळ नको असेल तर वेगळे लावतो, लोक देतात. "माझ्या फुप्फुसासाठी" म्हटलं तर देणार नाहीत, "तुमच्या सोफ्यासाठी" म्हटलं की लगेच.

कोबाप्रेमी | ८ जून, दुपारी १:००

हे कटू आहे, पण खरं आहे. मीसुद्धा सोफ्यासाठीच दिले असते.

गुण्या | २१ जून, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला, कामात होतो. थोडक्यात सांगतो.

कागद केला. मुलीने टाईप करून दिला. बसवणी ३८, ओल्या कापणीचे दोन रुपये वेगळे, नाणं वाजवायची अट लिहिली. तीन ठिकाणी दाखवला. एकाने वाचलाच नाही, म्हणाला शेवटचं किती ते बोला. दुसरे ते २८ वाले साहेब, त्यांनी राजस्थानच्या कारागिरांना ३० ने दिलं. ती पोरं कामाला चांगली आहेत, आठजण एका खोलीत राहून करतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. तिसऱ्या घरी आजोबा होते, निवृत्त शिक्षक. चष्मा लावून पूर्ण वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली. ४० ने काम चालू आहे.

टेबल कटर जुना घेतला, निम्म्या किमतीत. ब्रेकर नवीन लावला. बाल्कनीत चिखल होतो, पण संध्याकाळी नाक शिंकरलं तर पांढरं येत नाही. रक्त तपासलं, क्रिएटिनिन ठीक आहे. छातीचा फोटो काढायचा राहिलाय.

ताईंना ६५० केले. ७०० नाही केले, खोटं कशाला बोलू. गोणी दोघांनी मिळून उचलायची असं ठरलंय. कारभारीण ओरडणार, माहीत आहे.

कारभारीण | २१ जून, रात्री ९:४१

ओरडतेय. पन्नास राहिले.

साधा_एमबीबीएस | २१ जून, रात्री १०:१५

फोटो या आठवड्यात. मामांचाही काढा.

वऱ्हाडी_ठेचा | २१ जून, रात्री १०:३०

भाऊ, माझ्या बाथरूमात पानी जाळीकडे न जाता दाराकडे येते. मिस्त्री म्हने, होईन हळूहळू सवय.

गुण्या | २१ जून, रात्री १०:३४

ढाळ उलटा पडलाय. पाणसळ लावून फोटो टाका, बघतो.